वाढीव वर्ष आणि विक्रमाचा हिशेब

आमच्या व्यायामशाळेच्या दारावर एक काळा लाकडी फलक टांगलेला आहे. त्यावर पांढऱ्या अक्षरांत निरनिराळ्या खेळांतील शाळेचे विक्रम व ते करणाऱ्यांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. विद्यार्थी तो फलक रोज पाहतात. पण रोज दिसणाऱ्या वस्तूकडे आपण क्वचितच लक्ष देतों. गेल्या क्रीडादिनीं मात्र एक गृहस्थ आपल्या मुलीसह त्या फलकापुढें बराच वेळ उभे असलेले आम्हीं पाहिले. मुलगी आमचीच माजी विद्यार्थिनी. बास्केटबॉलच्या आंतरशालेय सामन्यांत ती शाळेसाठीं तीन हंगाम खेळली. तिचे एकंदर गुण फलकावरील आंकड्यापेक्षां थोडे कमी भरले, म्हणून तिचें नांव तेथें नाहीं. जिचें नांव आहे ती चार हंगाम खेळली होती.

त्या गृहस्थांनीं आम्हांस शांतपणें विचारलें, "गुरुजी, २०२० सालीं सांथ आली, शाळा बंद झाल्या, मैदानें ओस पडलीं. त्यांत हिचें एक वर्ष गेलें. तें वर्ष कोणाच्या खात्यावर मांडायचें?"

त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. "पाहूं, विचार करूं," एवढेंच आम्ही म्हणालों. पुढें पुष्कळ विचार केला, कांहीं आंकडे पाहिले, आणि त्यांतून जें हातीं लागलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रश्न एका मुलीचा दिसला तरी तो तेवढाच नाहीं. खेळण्याची पात्रता एखाद्या वर्षानें वाढली किंवा घटली तर विक्रमाचा अर्थ कितपत बदलतो, हा तो प्रश्न होय.

प्रथम विक्रमांचे दोन प्रकार ध्यानांत घ्यावेत. एक प्रकार एका दिवसाचा. लांब उडी, उंच उडी, शंभर मीटरची शर्यत हीं त्याचीं उदाहरणें होत. येथें एकाच क्षणीं सर्व कसोटी लागते. आदल्या वर्षाची उडी यंदाच्या उडींत मिळवितां येत नाहीं. दुसरा प्रकार एकंदरीचा. सर्व हंगामांतील धावा, बळी, गोल अथवा गुण यांची ही बेरीज. आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या मुलास हें अधिक सांगावयास नको. एकानें तीन वर्षें ज्वारी पेरली व दुसऱ्यानें पांच वर्षें पेरली, तर दुसऱ्याच्या कणगींत धान्य अधिक साठेल. पण तेवढ्यावरून त्याची जमीन अधिक सुपीक किंवा त्याची मशागत अधिक चांगली असें कोणी म्हणणार नाहीं. आणि मध्येंच एखादें अवर्षणाचें वर्ष आलें तर ज्याचें पीक गेलें त्याला आळशी ठरविणें हाही अन्यायच.

एका दिवसाच्या विक्रमाला वाढीव वर्षाचा लाभ होतो तो केवळ एक संधि अधिक मिळाली म्हणून. एकंदरीच्या विक्रमाला मात्र तें वर्ष सबंधच्या सबंध बेरजेंत मिळतें. म्हणून आपला प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

या प्रश्नाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्यें सांपडतें. हा खेळच मुळीं एका शिक्षकानें विद्यार्थ्यांसाठीं निर्माण केला. १८९१ सालच्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील तरुण ख्रिस्ती संघाच्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ यांनीं हिवाळ्यांत छपराखालीं खेळतां यावा म्हणून तो शोधून काढला. पुढें अमेरिकेंतील महाविद्यालयांत त्याचें मोठें प्रस्थ झालें. तेथें दीर्घकाळ असा नियम चालत आला कीं, विद्यार्थ्यानें महाविद्यालयांत पाऊल ठेवल्यापासून पांच वर्षांच्या आंत चार हंगाम खेळावे. चार हंगाम संपले कीं पात्रता संपली. २०२० सालीं सांथीनें सर्व विस्कळित केलें, तेव्हां तेथील महाविद्यालयीन क्रीडांच्या राष्ट्रीय संस्थेनें ठरविलें कीं, २०२०-२१ चा हंगाम कोणाच्याच चार हंगामांत मोजावयाचा नाहीं. म्हणजे त्या वर्षीं जे खेळले त्यांना, इच्छा असल्यास, पांचवा हंगाम मिळाला.

आतां तीन खेळाडू घ्या.

पहिला पीट मॅराविच. तो लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळला व १९७० सालीं त्याची पात्रता संपली. त्या काळीं महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांतील विद्यार्थ्यास मुख्य संघांत घेत नसत. हा निर्बंध १९७२ सालीं उठला. त्यामुळें मॅराविचला तीनच हंगाम मिळाले. शिवाय त्या काळीं लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत नव्हती. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत ती सर्वत्र १९८६-८७ पासून आली. या स्थितींत त्यानें ८३ सामन्यांत ३,६६७ गुण मिळविले. हा विक्रम पन्नासांहून अधिक वर्षें टिकला.

दुसरा अँटवान डेव्हिस. तो डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाकडून २०१८ ते २०२३ पर्यंत खेळला. सांथीच्या सवलतीमुळें त्याला पांचवा हंगाम मिळाला. त्या एका हंगामांत त्यानें ३३ सामन्यांत नऊशेंहून अधिक गुण मिळविले. चौथ्या हंगामानंतर तो थांबला असता तर त्याची बेरीज पावणेतीन हजारांच्या आसपास राहिली असती व मॅराविचच्या नांवाशीं त्याचें नांव कोणीं जोडलें नसतें. २ मार्च २०२३ रोजीं त्याच्या संघाचा बादफेरीचा सामना झाला. बरोबरी साधण्यास त्याला २५ गुण हवे होते. त्याला २२ मिळाले. संघ हरला. त्याची बेरीज ३,६६४ वर थांबली. फक्त तीन गुण कमी! त्यानंतरही एखाद्या स्पर्धेचें निमंत्रण येईल अशी आशा होती. परंतु ज्या संघानें १४ सामने जिंकले व १९ गमावले त्याला निमंत्रण आलें नाहीं. केवळ एका खेळाडूच्या विक्रमासाठीं तें द्यावें काय, यावर त्या दिवसांत मोठा वाद झाला.

तिसरी केटलिन क्लार्क. ती आयोवा विद्यापीठाची खेळाडू. तिचा पहिलाच हंगाम २०२०-२१ चा, म्हणजे न मोजलेला होता. म्हणून तिलाही पांचवा हंगाम खेळण्याचा हक्क होता. तिनें तो घेतला नाहीं. चौथ्या हंगामांत, ३ मार्च २०२४ रोजीं, तिनें मॅराविचचा ३,६६७ चा आंकडा ओलांडला आणि १३९ सामन्यांत ३,९५१ गुण करून ती महाविद्यालय सोडून व्यावसायिक खेळाकडे गेली.

या तिघांचे आंकडे नुसते वाचून सोडूं नयेत. वही घेऊन भागाकार करावा. मॅराविचचे ३,६६७ गुण ८३ सामन्यांवर वांटले तर दर सामन्यास ४४.२ येतात. डेव्हिसचे ३,६६४ गुण १४४ सामन्यांवर वांटले तर २५.४ येतात. क्लार्कचे दर सामन्यास २८.४ पडतात. बेरजेंत पहिले दोघे जवळजवळ शेजारी उभे आहेत, पण भागाकारांत त्यांच्यामध्यें केवढें अंतर पडतें! वाढीव वर्षानें जें काय केलें तें या एका भागाकारांत स्पष्ट दिसतें: त्यानें ढीग उंच केला, पण एकरी पीक मॅराविचच्या जवळही नेलें नाहीं.

मात्र येथें घाई करून डेव्हिसला कमी लेखणें अयोग्य होईल. त्याच्या पांचव्या हंगामाची सरासरी दर सामन्यास २८ गुणांहून अधिक, म्हणजे त्याच्या आधींच्या प्रत्येक हंगामापेक्षां जास्त होती. वाढीव वर्ष म्हणजे फुकटचे गुण नव्हेत. तें वर्षही घाम गाळूनच भरावें लागतें. ज्याच्या अंगांत कस उरलेला नाहीं त्याची सरासरी अशा वर्षांत खालीं येते, आणि जो शिकत गेला त्याची वर जाते. शिवाय नियम त्यानें केला नव्हता. नियमानें जें दिलें तें त्यानें उघडपणें घेतलें. आणखी एक गोष्ट पालकांनीं लक्षांत घ्यावी. मॅराविच आणि डेव्हिस या दोघांचेही शिक्षक त्यांचे वडीलच होते. मुलाच्या विक्रमाकडे बापाचे डोळे कसे लागलेले असतात तें त्या दोन घरांना पुरतें ठाऊक होतें.

क्लार्कच्या उदाहरणांतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. स्त्रियांच्या महाविद्यालयीन स्पर्धा १९८१-८२ पूर्वीं निराळ्या संस्थेच्या हातीं होत्या. त्या काळांत कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्ड हिनें ३,६४९ गुण केले होते, तेही तीन गुणांच्या रेषेवांचून. पण संस्था निराळी म्हणून नव्या संस्थेच्या विक्रमांच्या यादींत दीर्घकाळ तिला स्थान नव्हतें. म्हणजे वर्षें किती मिळालीं एवढेंच पाहून भागत नाहीं. तीं कोणाच्या वहींत मांडलीं गेलीं हेंही पाहावें लागतें.

आतां दूरदेशाहून आपल्या देशांत येऊं. आपल्याकडे एकंदरीच्या विक्रमांचें मोठें भांडार क्रिकेटमध्यें आहे. रणजी स्पर्धेंत सर्वाधिक धावांचा विक्रम मुंबई व पुढें विदर्भ यांच्याकडून खेळलेल्या वसीम जाफर यांच्या नांवावर नोंदला गेला. १९९६-९७ पासून २०१९-२० पर्यंत ते १५६ सामने खेळले व त्यांनीं १२,०३८ धावा केल्या. त्याच स्पर्धेंत विजय मर्चंट यांच्या धावा ३,६३९, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. परंतु मर्चंट यांचे डाव होते ४७, आणि त्यांची सरासरी ९८.३५! मर्चंट यांच्या काळीं ही स्पर्धा बादफेरीची होती. एकदां हरलें कीं त्या वर्षाचा खेळ आटोपला. पुढें साखळी पद्धत आली व दर वर्षास मिळणारे सामने वाढले. म्हणून "किती वर्षें खेळला" या प्रश्नापेक्षां "किती सामने मिळाले" हा प्रश्न अधिक खरा होय. तथापि चोवीस हंगाम शरीर व मन शाबूत ठेवून धावा करीत राहणें, वयाच्या चाळिशींतही विदर्भासारख्या संघास विजेतेपद मिळवून देण्यास हातभार लावणें, हें कांहीं लहान काम नव्हे. सरासरी सांगते तें तेज, बेरीज सांगते ती चिकाटी. दोहोंना आपापला मान आहे.

आपल्या जिल्ह्याचेंच उदाहरण हवें असेल तर झहीर खान यांचें घ्या. ते १९७८ सालीं श्रीरामपूर येथें जन्मले. ९२ कसोटी सामन्यांत त्यांनीं ३११ बळी घेतले. सुभाष गुप्ते यांनीं ३६ कसोटींत १४९ घेतले. दर सामन्यास गुप्ते यांचे चारांहून थोडे अधिक पडतात, झहीर यांचे सुमारें साडेतीन. मग गुप्ते श्रेष्ठ काय? एक फिरकी टाकणारा, दुसरा वेगानें टाकणारा. एकाचा काळ निराळा, दुसऱ्याचा निराळा. वेगवान गोलंदाजाचें शरीर झिजतें, दुखावतें. तरी २००० पासून २०१४ पर्यंत झहीर पुन्हां पुन्हां उभे राहिले. तेव्हां भागाकार हा न्यायाधीश नव्हे, तो साक्षीदार आहे. त्याची साक्ष अवश्य घ्यावी, पण निकाल त्याच्यावर सोंपवूं नये.

वर्ष मिळण्याची गोष्ट झाली. आतां वर्ष बुडण्याची ऐका. सांगलीचे विजय हजारे १९१५ सालीं जन्मले. एका ख्रिस्ती मराठी कुटुंबांतील हा मुलगा. १९३९-४० सालीं महाराष्ट्राकडून खेळतांना त्यांनीं नाबाद ३१६ धावा केल्या. १९४३ सालीं मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेंत त्यांच्या संघाच्या एका डावांत ३८७ धावा झाल्या, त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. इतका भर असतांना कसोटी सामना कोठें? १९३६ सालच्या उन्हाळ्यानंतर १९४६ पर्यंत हिंदुस्थानचा संघ एकही कसोटी खेळला नाहीं. मध्यें महायुद्ध होतें. हजारे यांचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हां त्यांचें वय ३१ होतें. पुढें ३० कसोटींत त्यांनीं २,१९२ धावा केल्या. ॲडलेडला १९४८ सालीं एकाच सामन्यांत दोन शतकें झळकावलीं. बुडालेलीं तीं वर्षें त्यांना कोणीं परत दिलीं नाहींत, आणि त्यांनींही कोणाकडे मागितलीं नाहींत. मर्चंट यांचेंही तसेंच. १९३३ पासून १९५१ पर्यंतच्या अठरा वर्षांत त्यांना कसोटी सामने मिळाले ते फक्त दहा.

त्याहून विलक्षण गोष्ट प्राध्यापक दि. ब. देवधर यांची. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला तेव्हां त्यांचें वय ४० होतें. कसोटीची पात्रता त्यांच्या वाट्याला आलीच नाहीं. पण त्यांनीं स्वतःच्या शरीराकडून वाढीव वर्षें मिळविलीं. वयाच्या ४८ व्या वर्षीं त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या; पन्नाशी उलटल्यावर, १९४४ सालीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत दोन शतकें केलीं. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक दोनदां जिंकला. हीं वर्षें कोणत्याही समितीनें मंजूर केलेलीं नव्हतीं. तीं संयमानें व नित्याच्या व्यायामानें कमावलेलीं होतीं. पुढें २०२०-२१ सालीं सांथीमुळें रणजी स्पर्धा सुरू झाल्यापासून प्रथमच भरली नाहीं, आणि त्या वर्षीं मोठ्या खेळाडूंसाठीं जी देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा झाली ती हजारे यांच्याच नांवाची होती. ज्याचीं वर्षें बुडालीं त्याच्या नांवानें नव्या मुलांचें वर्ष वांचलें, हा योग मनास स्पर्श करून जातो.

आतां आपल्या शाळांकडे वळूं. वाढीव वर्ष ही अमेरिकेची नवलाई आहे असें समजूं नये. पूर्वीं आपल्याकडेही ती होती. तिला आपण "मॅट्रिकच्या वाऱ्या" म्हणत असूं. तीनतीनदां परीक्षेला बसणारा दणकट गडी वर्गांत मागच्या बाकावर आणि मैदानांत सर्वांच्या पुढें, हें दृश्य वडील पिढीच्या पालकांना आठवत असेल. मिशा फुटलेल्या गड्यासमोर तेरा वर्षांचें पोर उभें राहिलें तर निकाल सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. म्हणूनच पुढें शालेय स्पर्धांत चौदा, सतरा व एकोणीस वर्षांच्या आंतील असे वयाचे गट पडले. या मर्यादेचा उद्देश मोठ्यांना शिक्षा करण्याचा नसून लहानांना जागा ठेवण्याचा आहे. संघांत जागा ठराविक असतात. एकास वर्ष वाढवून मिळालें कीं खालून येणाऱ्या कोणाचें तरी एक वर्ष बाकावर बसून जातें. अमेरिकेंतही त्या सवलतीनंतर हीच तक्रार ऐकूं आली. वाढीव वर्षाचा हा खर्च कोणत्याही विक्रमाच्या यादींत दिसत नाहीं, म्हणून तो येथें मुद्दाम सांगितला.

याच ठिकाणीं पालकांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. कांहीं पालक प्रवेशाच्या वेळीं मुलाची जन्मतारीख एक-दोन वर्षांनीं पुढें लिहावी असा आग्रह धरतात. "वाढीव गुण मिळतील, पुढें खेळाडूंच्या राखीव जागांतून नोकरी लागेल, एका वर्षानें कोणाचें काय जातें?" असें ते म्हणतात. त्यांची काळजी आम्ही समजतों. कोरडवाहू जमिनीवर घर चालविणाऱ्यास मुलाच्या नोकरीची किंमत काय वाटते तें आम्ही जाणतों. पण उघड नियमानें सर्वांस मिळालेलें वर्ष आणि लपवून चोरलेलें वर्ष यांत भाकरी कमावणें व भाकरी पळविणें एवढें अंतर आहे. पहिल्याचा हिशेब मांडतां येतो, भागाकार करतां येतो. दुसऱ्याचा हिशेबच खोटा असतो. त्या मुलास जन्मभर प्रत्येक अर्जावर तेंच असत्य पुन्हां लिहावें लागतें, आणि ज्या मुलाची जागा गेली त्याचें नांव तर कोणाला कळतही नाहीं.

असो. विक्रम वाचतांना चार प्रश्न विचारण्याची संवय विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी. बेरीज किती? ती किती सामन्यांत झाली? ते सामने कोणत्या नियमांखालीं व कोणत्या काळांत झाले? आणि मिळालेलें वा बुडालेलें वर्ष सर्वांना सारखें होतें काय? हे चार प्रश्न विचारल्यावर कोणताही विक्रम लहान होत नाहीं; उलट प्रत्येकाचें खरें माप कळतें.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर. बुडालेलें वर्ष आम्हांस परत देतां येत नाहीं. न झालेल्या सामन्यांचे गुण कल्पनेनें मिळवून त्या मुलीचें नांव वर चढविणें हेंही योग्य नव्हे. तसें केलें तर चार हंगाम प्रामाणिकपणें खेळलेल्या दुसऱ्या मुलीवर अन्याय होईल. म्हणून आम्हीं फलकावरील एकही नांव पुसलें नाहीं व एकही आंकडा बदलला नाहीं. फक्त उजवीकडे दोन रकाने नवे आंखले: "हंगाम" आणि "सामने". खालीं आणखी एक ओळ घातली, दर सामन्यास सर्वाधिक गुणांची. तो भागाकार गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांनींच केला. त्या ओळींत नांव आलें तें तीन हंगाम खेळलेल्या मुलीचें.

आम्हीं तिला तसें कळविलें. ती एका शनिवारीं येऊन फलक पाहून गेली. आपल्या नांवापुढचा सामन्यांचा आंकडा तिनें बोट ठेवून नीट तपासला आणि म्हणाली, "सर, एक सामना कमी लिहिला आहे. पहिल्या वर्षीं मी शेवटचीं पांच मिनिटें उतरलें होतें. गुण एकही नव्हता, पण सामना मोजायला हवा."

आम्हीं जुनी वही काढून पाहिली. तिचें म्हणणें बरोबर होतें. सामना मिळविला, सरासरी किंचित् खालीं आली, नांव मात्र जेथें होतें तेथेंच राहिलें.